शिंपल्यांच्या खिडक्या

पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चिरेबंदी घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असत. चपट्या सागरी शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवीत. काच दुर्मिळ म्हणून ही युक्ती निघाली खरी. पण तिचा गुण निराळाच. काचेतून ऊन सरळ आत शिरते, जमीन व भिंती तापतात, आणि त्यांतून निघणारी उष्णता काच सहसा बाहेर जाऊ देत नाही. शिंपला काही प्रकाश परतवितो, उरलेला विखुरतो. डोळ्यांना न खुपणारा उजेड खोलीभर पसरतो.

जाड चिऱ्याच्या भिंतींतून दिवसाची उष्णता सावकाश येते. गरम हवा उंच छपराकडे जाते व कौलांच्या फटींतून निसटते. पावसाळ्यात मात्र त्याच कौलांवर असा गजर होतो की, शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये! सिमेंटच्या स्लॅबखाली तो गोंगाट नाही. परंतु दिवसभर तापलेला स्लॅब रात्री निजलेल्यांवर उष्णता ओततो, आणि रिकाम्या खोलीत त्याच्या गुळगुळीत पृष्ठावरून शब्द घुमतात.

शिंपला फुटला की बहुधा त्या जागी काच येते. मग त्याच घरात भर दुपारी पडदे ओढून दिवा लावावा लागतो.