किल्ली कोणाच्या कनवटीस?

एकत्र कुटुंबांत कोठीच्या खोलीची किल्ली कोणाच्या कनवटीस असावी ह्या प्रश्नावरून आजवर किती घरांत रुसवेफुगवे झाले असतील ह्याची गणती करणें कठीण आहे. किल्ली ही लहानशी वस्तु खरी. पण तिच्यामागें अधिकार, विश्वास आणि जबाबदारी ह्या तिन्ही गोष्टी उभ्या असतात. ज्या घरांत किल्ली एकाच माणसापाशीं असते व तें माणूस एकाएकीं आजारी पडतें अगर यात्रेस निघून जातें, त्या घरीं भरल्या कोठीपुढें उपाशी बसण्याची पाळी येते, हें आमच्या वाचकभगिनींस निराळें सांगावयास नको. हाच प्रश्न आज निराळ्या रूपानें आपल्या संस्थांपुढें येऊन ठाकला आहे. शाळा, पतपेढ्या, रुग्णालयें, प्रयोगशाळा ह्या सर्वांचा कारभार आतां संगणकांवर चालतो. आणि त्या संगणकांच्या अगदीं पहिल्या दरवाजास जें कुलूप असतें त्याची किल्ली लोखंडाची नसून एक शब्द असतो. ती कोणीं ठेवावी, कशी ठेवावी आणि दूर बसून कशी फिरवावी, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे. आपल्या घरचा मुलगा, सून किंवा जांवई अशा एखाद्या संस्थेंत नोकरीस असण्याचा संभव पुष्कळच आहे. म्हणून हा विषय केवळ तज्ज्ञांचा आहे असें समजून कोणी पान उलटूं नये.

प्रथम हें कुलूप कोठें असतें तें पाहूं. संगणकाचें बटण दाबल्याबरोबर विंडोज किंवा तत्सम कार्यप्रणाली लगेच जागी होत नाहीं. तिच्याआधीं मदरबोर्डावरील एका चिपमध्यें साठविलेली लहानशी आज्ञावली जागी होते. तिला फर्मवेअर म्हणतात. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें काढलेल्या संगणकांत ह्या आज्ञावलीस बायोस असें नांव होतें. आतां यूईएफआय नामक नव्या पद्धतीनें तिची जागा घेतली आहे, तरी बोलण्यांत जुनेंच नांव चालतें. यंत्राचे सर्व अवयव जागेवर आहेत ना, हें ती तपासते आणि पुढील कार्यप्रणाली आंतल्या डिस्कवरून उचलावयाची कीं बाहेरून लावलेल्या पेनड्राइव्हवरून, हें ठरविते. खरी मेख येथेंच आहे. आपण रोज पडद्यावर जो पासवर्ड देतों तो कार्यप्रणालीचा, म्हणजे माजघराच्या दाराचा. एखाद्यानें पेनड्राइव्हवर स्वतःचीच कार्यप्रणाली आणून तिच्यावर यंत्र सुरू केलें, तर त्या माजघराच्या कुलपास कोणी विचारीत नाहीं. तो मनुष्य परसदारानें आंत आलेला असतो. डिस्क उघडी असेल तर तो ती वाचतो, अगर सारें पुसून यंत्रच लांबवितो. हें परसदार बंद करावयाचें तर फर्मवेअरलाच पासवर्ड घालावा लागतो. तो घातला म्हणजे यंत्र कोठून सुरू व्हावें हा क्रम परक्या माणसास बदलतां येत नाहीं.

गडाचा मोठा दरवाजा लावून घेतला म्हणजे गड सुरक्षित झाला असें मात्र नव्हे. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. संध्याकाळीं दरवाजे बंद झाले, घरीं तान्हें मूल रडत असेल ह्या विचारानें ती गवळण अवघड कड्यावरून उतरून गेली; आणि महाराजांनीं तिचा गौरव तर केलाच, पण ज्या वाटेनें ती उतरली तेथें बुरूजही बांधविला, असें सांगतात. संगणकाच्या बाबतींतही तसेंच आहे. फर्मवेअरला कितीही बळकट कुलूप घातलें तरी चार स्क्रू काढून आंतली डिस्कच दुसऱ्या यंत्रास जोडतां येते. म्हणून डिस्कवरील मजकूर बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्ट अशा साधनानें गुप्त लिपींत ठेवणें, हा त्या कड्यावरचा बुरूज होय. दरवाजा आणि बुरूज दोन्ही हवेत; एकानें दुसऱ्याचें काम भागत नाहीं.

आतां ही किल्ली दुरून कां फिरवावी लागते, तें महाबळेश्वरासारख्या ठिकाणाकडे पाहिलें असतां चटकन् ध्यानांत येतें. सुमारें १३५० मीटर उंचीवरील ह्या गांवीं काम करणाऱ्या कित्येक संस्थांचें मुख्य ठाणें डोंगराखालीं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें ढगांच्या अभ्यासासाठीं २०१२ सालीं येथें एक प्रयोगशाळा उघडली. गव्हावरील तांबेऱ्याचें संशोधन करणारें येथील केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें आहे. तहसील कचेरीचे वरिष्ठ साताऱ्यास असतात. पुण्यापासून हें ठिकाण सुमारें १२० किलोमीटर. त्यांत पसरणीचा घाट. पावसाळ्यांत तर विचारावयासच नको. जुलै २०२१ मध्यें येथें चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट दरडींनीं खचून बंद पडला. अशा दिवसांत एखाद्या यंत्राचा पासवर्ड बदलण्यासाठीं खालून माणूस पाठवावयाचा म्हटला तर तो वर पोहोंचावयाचा केव्हां आणि काम करावयाचा केव्हां? आणि एखाद्या संस्थेच्या अशा पन्नास शाखा असल्या तर?

म्हणून दूरस्थ व्यवस्थापनाची युक्ति निघाली. तिची रीति थोडक्यांत अशी. प्रत्येक संगणकावर एक लहानशी आज्ञावली गड्याप्रमाणें बसविलेली असते. मुख्य कचेरींतील सर्व्हरवर अधिकारी आज्ञा ठेवतो; यंत्र नेटवर्कला जोडलें गेलें कीं तो गडी आज्ञा उचलतो, जुना पासवर्ड दाखवून नवा बसवितो, आणि बहुधा यंत्र पुन्हां सुरू झाल्यावर तो अंमलांत येतो. ॲपल कंपनीनें २०१४ सालच्या आपल्या कार्यप्रणालींत ह्यासाठीं एक आज्ञा दिली आणि २०१७ पासून सर्व्हरवरून थेट पासवर्ड घालण्याची व तो पडताळून पाहण्याची सोय केली. डेल, एचपी, लेनोव्हो ह्या कंपन्यांनींही आपापलीं साधनें काढलीं आहेत. तथापि कांहीं यंत्रांत पहिला पासवर्ड मात्र यंत्रासमोर बसूनच घालावा लागतो. दुरून बदलतां येतो तो त्यानंतर. तेव्हां नवीं यंत्रें शाखेवर धाडण्यापूर्वींच, खोक्यांतून काढतांना, हें काम उरकून घेणें शहाणपणाचें.

ऐकावयास हें सोपें वाटतें. पण ह्या कामांत तीन खड्डे आहेत. पहिला खड्डा म्हणजे सर्व यंत्रांस एकच पासवर्ड. सोयीचा खरा, पण एका शाखेंत तो फुटला कीं साऱ्या शाखा उघड्या पडतात. घरांतील साऱ्या कुलपांस एकच किल्ली लागावी, तसा हा प्रकार होय. प्रत्येक यंत्रास निराळा पासवर्ड असावा व त्यांची नोंद मध्यवर्ती, गुप्त लिपींतील वहींत असावी. दुसरा खड्डा असा कीं, बदल करणाऱ्या आज्ञेंतच पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिला जातो. ती आज्ञा ज्याच्या हातीं पडेल त्याच्या हातीं किल्लीच पडली. दवंडी पिटून परवलीचा शब्द सांगण्यासारखेंच तें आहे.

तिसरा खड्डा सर्वांत फसवा. आज्ञा सुटली म्हणजे काम झालें, असें मुख्य कचेरी समजते. पण वर डोंगरावर वीज गेलेली असते, किंवा यंत्र महिनाभर बंदच असतें. सर्व्हरच्या वहींत नवा शब्द, यंत्रावर जुनाच; आणि दोघांची गांठ पडत नाहीं. म्हणून बदलानंतर यंत्राकडून पोंच घेतल्याशिवाय जुना शब्द वहींतून खोडूं नये, हा ह्या कामांतील पहिला धडा. अमेरिकेंतील यूटा विद्यापीठाच्या मॅरियट ग्रंथालयांतील संगणकविभागानें ह्याच अडचणीसाठीं एक आज्ञावली लिहून सर्वांस खुली केली. तींत नव्या शब्दाबरोबर पूर्वींच्या शब्दांचीही यादी देतां येते. यंत्रावर त्यांपैकीं कोणता आहे हें ती एकेक करून पडताळते आणि मगच नवा बसविते. कामांत मुरलेल्या माणसाची ही खूण आहे. चूक होणार हें तो आधींच गृहीत धरतो.

शब्द हरवलाच तर काय होतें? पूर्वीं मोठ्या टेबली संगणकांतील नाण्याएवढा सेल काढून कांहीं वेळानें पुन्हां बसविला कीं पुष्कळदां पासवर्ड पुसला जाई. आजच्या कचेरीच्या लॅपटॉपांत ती मात्रा चालत नाहीं. लेनोव्होच्या थिंकपॅड यंत्राचा मुख्य पासवर्ड विसरला तर मदरबोर्डच बदलावा लागतो, असें ती कंपनी स्वतःच सांगते. ॲपलच्या इंटेल चिपच्या अलीकडच्या यंत्रांचें कुलूप उघडावयाचें तर यंत्र व मूळ खरेदीची पावती घेऊन अधिकृत दुरुस्तीकेंद्राची पायरी चढावी लागते. म्हणजे पासवर्डाइतकीच पावतीही जपून ठेवावयास हवी. ही कठोरता दोष नव्हे; चोरास जें सहज उघडतां येत नाहीं तें मालकासही सहज उघडतां येणार नाहीं, हा कुलपाचा धर्मच आहे.

अलीकडे ह्या कलेनें आणखी एक वळण घेतलें आहे. २०२० पासून ॲपलनें स्वतःच्या चिपवर काढलेल्या यंत्रांत जुन्या तऱ्हेचा फर्मवेअर पासवर्ड राहिलेला नाहीं. त्याऐवजीं दुरुस्तीच्या कक्षास कुलूप घालण्याची व तें दुरूनच लावण्याची सोय २०२१ मध्यें आली. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस यंत्रांत व एचपीच्या शुअर ॲडमिन पद्धतींत तर पाठ करावयाच्या शब्दाशिवायही कारभार चालवितां येतो. मुख्य कचेरीची गुप्त सही असलेली आज्ञाच यंत्र मानतें. म्हणजे तोंडी परवलीच्या जागीं शिक्कामोर्तब झालेला हुकूम आला. पण मग तो शिक्का जपण्याची जोखीम तितकीच वाढली. मध्यवर्ती ठिकाण फसलें म्हणजे काय होतें, ह्याचा दाखला पुण्यानें ऑगस्ट २०१८ मध्यें पाहिला आहे. कॉसमॉस सहकारी बँकेवरील त्या हल्ल्यांत ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. तो प्रकार फर्मवेअरच्या कुलपाचा नव्हे, एटीएमच्या मंजुरीच्या व्यवस्थेचा होता. तरी धडा एकच. ज्या हातानें शंभर दारें दुरून बंद करतां येतात, तो हात परक्याच्या कह्यांत गेला तर शंभरही दारें एकदम उघडतील.

ह्यावर उपाय यंत्रांत नसून माणसांच्या नेमणुकींत आहे. शिवकालीन गडाचा कारभार एकट्याच्या हातीं नसे. दरवाजाच्या किल्ल्या हवालदारापाशीं, तर हिशेब सबनीसाकडे आणि शिबंदीची व्यवस्था सरनोबताकडे असे. एकाच्या मनांत आलें म्हणून गड शत्रूच्या हातीं जाऊं नये हा त्यांतील हेतु. आपल्या संस्थांनींही तेंच करावें. पासवर्ड बदलणारा एक आणि नोंद तपासणारा दुसरा असावा. मुख्य किल्लीची एक प्रत मोहोरबंद पाकिटांत तिजोरींत असावी व तें पाकीट दोघांच्या समक्षच फोडावें. मनुष्य नोकरी सोडतो, निवृत्त होतो, कधीं अकस्मात् जगाचा निरोपही घेतो. त्याच्याबरोबर संस्थेची किल्ली जातां कामा नये. ज्या संस्थेंत सारे पासवर्ड एका इमानी, कष्टाळू माणसाच्या डोक्यांत आहेत, त्या संस्थेनें त्या माणसावर विश्वास दाखविलेला नसून त्याच्या माथीं ओझें दिलेलें आहे. उद्यां कांहीं गहाळ झालें तर पहिला संशय त्याच्यावरच येणार! चांगली नोंदवही ही म्हणून संस्थेची जितकी राखण करते, तितकीच त्या सेवकाच्या अब्रूचीही करते.

शेवटीं एक गोष्ट, जिच्याकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. मोठ्या कंपन्या जुनीं यंत्रें विकतात किंवा खेड्यांतील शाळांस दान करतात. डिस्क पुसण्याची काळजी बहुतेक घेतात; पण फर्मवेअरचा पासवर्ड काढावयाचें राहून जातें. मग शाळेच्या नव्या शिक्षकास त्या यंत्रावर दुसरी कार्यप्रणाली चढवितां येत नाहीं, आणि पुण्य म्हणून दिलेलें यंत्र मुलांपुढें मुक्या दगडासारखें पडून राहतें. दान देणारानें कुलूप काढून द्यावें, निदान किल्ली तरी बरोबर द्यावी. आणि मुलाच्या शिक्षणासाठीं वापरलेला लॅपटॉप विकत घेणाऱ्या गृहस्थांनीं पैसे मोजण्यापूर्वीं तो दुकानांतच सुरू करवून त्याच्या बायोसमध्यें शिरतां येतें कीं नाहीं तें पाहून घ्यावें. शब्द मागितला आणि विक्रेत्यास तो सांगतां आला नाहीं, तर तें यंत्र तेथेंच ठेवून यावें.