एसीतला गॅस आणि आपली मुले



उमरग्याच्या आसपासच्या पारधी वस्त्यांवरची आणि लमाण तांड्यांवरची मुले पूर्वी दोनच कामांना बाहेर पडत, ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीला. आता तिसरी वाट झाली आहे. सोलापूर-हैदराबाद रोडवर बस धरायची, पुण्याला किंवा हैदराबादला उतरायचे आणि एखाद्या एसी मेकॅनिकच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागायचे. आपल्या वसतिगृहात शिकलेली काही मुलेही या कामात आहेत. सुटीला आली की माझ्याशी बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यातून जे कळते त्याने मन अस्वस्थ होते. काम चांगले आहे, हाताला कसब येते, पैसाही बरा मिळतो. पण त्यात जिवाला धोका आहे, आणि तो धोका बऱ्याच अंशी ज्यांच्या घरी एसी आहे त्यांच्या घाईमुळे वाढतो. आपल्या मंडळीतल्या कितीतरी घरांत आता एसी आहे, म्हणून हा विषय इथे घेतला.

एसीची रचना तशी सोपी आहे. तांब्याच्या बंद नळ्यांतून एक वायू फिरतो. बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो, बाहेरच्या हवेला उष्णता देऊन त्याचा द्रव होतो. तो द्रव आतल्या कॉइलमध्ये येऊन पुन्हा वायू होतो आणि होताना खोलीतली उष्णता ओढून घेतो. माठातले पाणी झिरपून उडते आणि आतले गार होते, तीच गोष्ट. फक्त इथे उडालेले परत गोळा केले जाते.

हे 'परत गोळा होणे' लक्षात घ्या. गॅस वापरून संपत नाही. तो पेट्रोल नाही. दर उन्हाळ्यात "गॅस भरावा लागेल" असे कोणी सांगत असेल तर दोनच शक्यता आहेत. एक तर नळीत कुठे गळती आहे आणि ती न शोधता वरून गॅस ओतला जातो आहे, किंवा गॅस कमी झालेलाच नाही आणि बिल मात्र होते आहे. नीतिसूत्रांत खोट्या तराजूविषयी जे म्हटले आहे ते या धंद्यालाही लागू आहे. आमच्या मुलांना मी सांगतो, आधी फिल्टर आणि कॉइल धुवा, पंखा बघा, मग गेज लावा. निम्म्या तक्रारी धुळीच्या असतात.

गॅसही एकच नसतो. जुन्या एसीत आर-२२ असतो. तो पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला खातो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आला. भारत त्या करारात १९९२ साली सामील झाला. आजच्या बहुतेक नव्या एसीत आर-३२ असतो, काहींत आर-४१०ए, तर काही थोड्यांत आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन. आर-३२ ओझोनला त्रास देत नाही, पण तो पेट घेऊ शकतो. प्रोपेन तर हवेत दोनएक टक्के मिसळला तरी पेटतो. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, गळला की घरभर कळते. एसीच्या गॅसला तसा वास नसतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि बंद खोलीत फार साचला तर न पेटताही माणूस गुदमरू शकतो. म्हणून काम चालू असताना दारे-खिडक्या उघड्या हव्यात, उदबत्ती-मेणबत्ती विझवलेली हवी आणि मेकॅनिकच्या तोंडात विडी नको.

आर-२२ साठी बनलेल्या यंत्रात स्वस्त म्हणून पेटणारा गॅस भरणे हा प्रकारही चालतो. ते यंत्र त्या गॅससाठी बांधलेलेच नसते. युनिटच्या पाटीवर लिहिलेलाच गॅस, आणि लिहिलेल्या वजनाइतकाच, काट्यावर मोजून भरायचा. नुसता हात लावून 'पाइप गार झाला' म्हणणे पुरेसे नाही.

दाबाचाही अंदाज असू द्या. स्कूटरच्या टायरमध्ये तीसएक पौंड हवा असते. आर-३२ च्या एसीत भर उन्हाळ्यात बाहेरच्या बाजूला चारशे पौंडांच्या वर दाब जातो. अशा नळीचा नट एकदम सोडला तर गॅस उसळून येतो आणि द्रव अंगावर पडला तर कातडी गोठून फोड येतात. आर-२२ उणे ४१ अंशाला उकळतो, आर-३२ उणे ५२ अंशाला. त्यामुळे हातमोजे आणि चष्मा ही चैन नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. नळीला डाग देऊन झाला की सांधा गळतो का हे पाहायला आत दाब भरावा लागतो. तो भरायचा कोरड्या नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून, आणि पाटीवरच्या कमाल दाबाच्या आत. पण नायट्रोजनचा सिलिंडर वेगळा आणावा लागतो, जिन्याने वर चढवावा लागतो, त्याचे पैसे पडतात. डाग द्यायला आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर मात्र तिथेच उभा असतो. मग कोणी उस्ताद म्हणतो, "अरे, हवाच तर भरायची, लाव तो." कॉम्प्रेसरमध्ये तेल असते. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीचीही वाट पाहावी लागत नाही. स्फोट होतो आणि कॉम्प्रेसरचे पोलादी भांडे बॉम्बसारखे फुटते. अशा स्फोटांत माणसे मेली आहेत. आपल्या एका मुलाला पुण्यात त्याच्या ठेकेदाराने हेच करायला सांगितले होते. त्याने नकार दिला आणि त्या दिवसाची मजुरी गमावली. नकार देण्याइतके ज्ञान त्याच्याकडे होते, ते इतरांकडेही असावे एवढीच माझी धडपड आहे.

हवासुद्धा निरुपद्रवी नाही. एसी काढताना सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून घेतात, त्याला पंप डाऊन म्हणतात. त्या वेळी कॉम्प्रेसर चालू असतानाच नळी सुटली किंवा व्हॉल्व्ह चुकीचा उघडला तर तो हवा ओढतो. तेलाची वाफ आणि हवा दाबली गेली की डिझेल इंजिनात होते तेच होते. नळ्या सोडायच्या त्या मशीन पूर्ण बंद करून, मेन स्विच पाडून. आणि स्विच पाडला तरी कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते, ती उतरवल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

डाग देण्याआधी नळीतला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायला हवा, कारण ज्योतीत सापडलेला गॅस विषारी होतो. असा सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत, ऐंशी टक्क्यांवर थांबतात. द्रव तापला की फुगतो. नळी जोडून झाल्यावर व्हॅक्युम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढायची, मग गॅस भरायचा. याला वेळ लागतो. घरमालक घड्याळ बघू लागला की पहिली काट याच कामाला बसते, आणि पुढच्या वर्षी कॉम्प्रेसर जातो.

सगळ्यात साधा धोका मात्र उंचीचा आहे. बाहेरचे युनिट चौथ्या मजल्यावर, भिंतीला ठोकलेल्या दोन लोखंडी ब्रॅकेटवर असते आणि मुलगा खिडकीतून एक पाय त्यावर टाकतो. नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधावा, कोणी पडून घरावर रक्ताचा दोष येऊ नये, अशी आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. ज्याच्या घराला युनिट आहे त्याने ती एकदा वाचावी. सेफ्टी बेल्ट नसेल तर त्या दिवशी काम करू देऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आमच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पारधी समाजावर १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण आडनाव ऐकून कपाळाला आठ्या घालणारे अजून आहेत. एसीचा मेकॅनिक थेट लोकांच्या झोपायच्या खोलीत जातो. मुलाने गळती दाखवून, काट्यावर गॅस मोजून, लिहून दिलेले बिल हातात ठेवले की पुढच्या वेळी त्याच घरातून त्याच्या नावाने फोन येतो. हे मी पाहिले आहे. आणि कोणी मुलगा "आज होणार नाही, नायट्रोजन आणावा लागेल" असे म्हणाला तर त्याला आळशी समजू नका, जास्तीचे पैसे द्या, आणि चहाही.

येत्या फेब्रुवारीत, उन्हाळ्याच्या कामांची झुंबड उडण्याआधी, दहा मुलांना केंद्रावर बोलावून आठ दिवस शिकवायचे ठरले आहे. शिकवायला एक अनुभवी मेकॅनिक येणार आहेत, मानधन नको म्हणाले. नायट्रोजनचा रेग्युलेटर, गॅस मोजायचा काटा आणि चार सेफ्टी बेल्ट आधी घ्यायचे आहेत. व्हॅक्युम पंप जमेल तेव्हा. कोणाकडे बंद पडलेला जुना एसी असेल तर तो भंगारात घालू नये, मुलांना हात बसवायला लागेल. मात्र नळ्या स्वतः कापून आणू नका. कळवा, आम्ही येऊन नीट उतरवून नेऊ.