साठीनंतरची पाटी

श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन घेण्यासाठी बँकेत गेलेली निरक्षर वृद्धा पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर अंगठा उठविते, तेव्हा तिच्यावरील आकडा दुसऱ्या कोणी तरी लिहिलेला असतो. तो किती रकमेचा आहे, हे तिला समजत नाही. वृद्धांच्या शिक्षणाचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा. ‘या वयात शिकून काय करायचे?’ असे आपण सहज म्हणतो. परंतु असे म्हणणाऱ्यास स्वतःचे पासबुक वाचता येत असते.

शासकीय योजनांतही हा वर्ग दीर्घकाळ मागे राहिला. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम १५ ते ३५ वयोगटासाठी होता आणि १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाचा भरही त्याच गटावर होता. कमावत्या वयास अग्रक्रम देण्यामागे निश्चित विचार होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि, १९८८ मध्ये छत्तिशीत असलेली स्त्री आज सत्तरी ओलांडून गेली आहे. २०२२ ते २०२७ या कालावधीच्या नव भारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील सर्व निरक्षरांचा समावेश असून वयाला वरची मर्यादा नाही. तेथेही पस्तिशीच्या आतील व्यक्तींना प्रथम साक्षर करावयाचे असल्याने, गावाच्या सर्वेक्षणात आजी-आजोबांची नावे गळणार नाहीत, हे ग्रामपंचायत सदस्यांनी जातीने पाहावे.

अशा वर्गाचे स्वरूप कसे असावे, याचे उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाने घालून दिले. गावातील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने ८ मार्च २०१६ रोजी तेथे ‘आजीबाईंची शाळा’ भरली. साठी ते नव्वदीच्या घरातील आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन येऊ लागल्या. शिकविणारी गावचीच सून. वर्गाची वेळ दुपारची, म्हणजे स्वयंपाकपाणी व शेताची कामे आटोपल्यानंतरची. गणवेशाचे अनेकांना कौतुक वाटले. आमच्या मते खरे मर्म या वेळेत आहे.

वर्ग सुरू करू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी प्रथम डोळ्यांकडे लक्ष द्यावे. चाळिशी नसल्यामुळे किंवा मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नसेल, तर ‘आजींच्या लक्षात राहत नाही’ हा शेरा अन्यायाचा ठरतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने नेत्रतपासणी करून घ्यावी, फळ्यावर अक्षर ठसठशीत काढावे. थरथरत्या हाताला शुद्धलेखनाची घाई नको. बाराखडीच्या आधी स्वतःचे नाव आणि एक ते शंभर आकडे घ्यावेत; एस. टी.ची पाटी, औषधाची चिठ्ठी, पासबुक हीच क्रमिक पुस्तके. ज्यांना पोथीची ओढ आहे त्यांच्यापुढे पोथी ठेवावी.

वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० गुणांची चाचणी पुढे असतेच. तिची धास्ती पहिल्याच दिवशी घालू नये. हजेरीपटावर मात्र पहिल्या दिवसापासून शाईची डबी ठेवू नये. नावाचे एकच अक्षर उमटले, तरी त्या दिवशी तीच सही मानावी.