मुळाला भिंत लागते तेव्हा

डहाणू, घोलवड, बोर्डीच्या पट्ट्यातल्या रोपवाटिकांत चिकूची कलमं काळ्या पिशव्यांत रांगेने मांडलेली असतात. पानं तुकतुकीत, शेंड्याला कोवळी पालवी. घेणारा बघतो ती पानं. पण त्या झाडाचं पुढच्या कित्येक दशकांचं भवितव्य ठरत असतं पिशवीच्या आत, जिथे एखादं मूळ प्लास्टिकला टेकून नुकतंच वळायला लागलेलं असतं.

चिकू मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इराणी बागायतदारांनी तो या किनाऱ्यावर रुजवला आणि 2016 साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या ‘कालीपत्ती’ या चिकूच्या जातीच्या झाडाचं वरचं अंग त्या परदेशी कुळाचं असतं, पण खाली मुळं असतात आपल्या रानातल्या खिरणीची, कारण कलम खिरणीवर बांधतात. खिरणी सावकाश वाढते. कलम बांधण्याइतकं तिचं खोड जाड व्हायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि हा सगळा काळ ती पिशवीतच काढते. आपल्या गॅलरीतला मॉन्स्टेरा किंवा मनीप्लांट याच अवस्थेतून जातो. फरक इतकाच, की त्याला पुढे डहाणूची मोकळी जमीन मिळत नाही. त्याला मिळते ती फक्त पुढची कुंडी.

मूळ वाढतं कसं, हेच मुळी थक्क करणारं आहे. 1880 साली चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी दाखवून दिलं, की खाली कुठे आणि वर कुठे हे कळतं ते मुळाच्या अगदी टोकाला. ते टोक काढलं की मूळ वाढत राहतं, पण त्याला दिशा उरत नाही. पुढे कळलं, की त्या टोकावरच्या टोपीत स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की हे कण पेशीच्या तळाशी घसरतात, आणि तेवढ्यावर ‘खाली’ म्हणजे कोणती बाजू हे झाडाला समजतं. वाटेत दगड लागला तर टोक त्याला चाचपत वळसा घालतं आणि पलीकडे गेलं की पुन्हा खाली वळतं. लाखो वर्षांच्या जंगलात ही युक्ती कधी फसली नाही, कारण प्रत्येक दगड कुठेतरी संपतो. कुंडीची भिंत संपत नाही. मूळ वळसा घेतं, घेतच राहतं, आणि तळाशी पोचल्यावर गोल फिरू लागतं.

जर्मनीत यूलिश इथल्या संशोधकांनी जव आणि शुगरबीटची झाडं कुंडीसकट एमआरआय यंत्रात घालून मुळांची चित्रं घेतली. तीन-चतुर्थांश मुळं कुंडीच्या बाहेरच्या अर्ध्या भागात सापडली. याच गटाने 2012 साली 65 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की झाडाचं वजन सरासरी 43 टक्क्यांनी वाढतं. मुळाला भिंत लागली की वर पानांचं अन्न बनवण्याचं कामही मंदावतं. म्हणजे अंधारात, मातीखाली घडलेली गोष्ट उन्हातल्या पानापर्यंत पोचते. मला यात झाडाचं फार मोठं शहाणपण दिसतं.

आता प्रश्न असा येईल, की मग एकदम मोठ्या कुंडीतच का लावू नये? याचं उत्तर पाण्यात आहे. भिजलेला स्पंज आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तो तसाच उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल. कुंडीतली मातीही अशीच तळाशी पाण्याचा एक थर धरून ठेवते. त्या थराची उंची ठरते मातीच्या बारीकपणावर. म्हणूनच तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घातली तरी निचरा सुधारत नाही, कारण बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. तो ओला थर तेवढा वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती दिवसचे दिवस चिंब राहते. हवेतल्यापेक्षा पाण्यात प्राणवायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे मुळं गुदमरतात आणि कुजतात. म्हणून नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंच रुंद, फार तर तीन.

भाताचं मात्र असं होत नाही. तलासरीच्या उतारांवर पाऊस स्थिरावला की आवणी सुरू होते. दाट उगवलेली रोपं उपटून, मुळं उघडी करून, चिखलात पुन्हा रोवतात, आणि चार-आठ दिवसांत ती ताठ होतात. भाताच्या मुळात पानांपासून टोकापर्यंत हवेच्या पोकळ वाटा असतात, म्हणून त्याला चिखल मानवतो. मॉन्स्टेराला किंवा चिकूला तो मानवणार नाही. पण आवणीची वेळ मात्र आपण डोळे मिटून उचलावी: ढगाळ आकाश, दमट हवा, ऊबदार माती.

ही वेळ इतकी महत्त्वाची का, ते 1937 साली अमेरिकेत हॉवर्ड डिटमर याने केलेल्या मोजणीवरून कळतं. दोन घनफुटांहून कमी माती असलेल्या पेटीत त्याने राय या धान्याचं एकच रोप चार महिने वाढवलं. त्याच्या मुळांची एकूण लांबी भरली सुमारे 623 किलोमीटर, म्हणजे चर्चगेट ते डहाणू रोड हे अंतर पाच वेळा. त्यावरचे केसासारखे मूलरोम होते सुमारे 1400 कोटी. पाणी शोषण्याचं बरंचसं काम हे रोम करतात. जुने रोम लवकर मरतात, नवे मुळाच्या टोकामागे येत राहतात. कुंडी बदलताना माती हलली की ते तुटतात. झाड त्या क्षणी तहानलेलं होतं, मग माती कितीही ओली असो. हवा कोरडी असेल तर पानं पाणी उडवत राहतात आणि खालून भरणा होत नाही. पावसाळी हवेत हीच तूट कितीतरी कमी असते. म्हणून आपल्याकडे जून-जुलै हाच कुंडी बदलण्याचा काळ. एप्रिल-मेच्या तापल्या दुपारी हे काम करू नये, आणि थंडीत वाढ मंदावलेली असतानाही नाही.

झाड नवी कुंडी मागतंय का, हे ओळखणं सोपं आहे. तळाच्या भोकातून मुळं डोकावतात, घातलेलं पाणी क्षणात खाली निघून जातं, सकाळी पाणी दिलं तरी संध्याकाळी पानं लोंबतात. आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे मातीला वाफसा राहील. कुंडी आडवी करून कडेला हळूच थापट्या मारा, खोड ओढू नका. हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, बाहेर आली की थोडं थांबून तिच्याकडे बघा. पांढरी किंवा पिवळसर, टणक मुळं निरोगी असतात. काळपट, मऊ, वास येणारी कापून टाका. बाहेरून गुंडाळलेली मुळं बोटांनी मोकळी करा. फारच घट्ट असतील तर धारदार पात्याने हुंडीला तीन-चार उभे छेद द्या. मन धजत नाही, पण टोक तुटलं की मागच्या भागातून नवी उपमुळं फुटतात आणि ती बाहेरच्या दिशेने जातात. माती भुसभुशीत हवी: बागेची माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट आणि जाड रेती. झाड पूर्वीइतक्याच खोलीवर बसवा, भरपूर पाणी द्या आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. महिनाभर खत नको.

चिकूच्या कलमाला हे सगळं जास्त काटेकोरपणे लागू पडतं. मॉन्स्टेरा पुन्हा उपसता येतो, चिकू एकदा शेतात बसला की बसला. वेटोळं घातलेलं मूळ वयाबरोबर जाड होतं आणि पुढे स्वतःच्याच खोडाला आवळतं. म्हणून खड्ड्यात ठेवण्यापूर्वी पिशवी पात्याने उभी चिरून काढा, तळाशी गुंडाळलेली मुळं कापा, आणि कलमाचा जोड मातीच्या वर राहील असं बघा.

आणि डहाणूहून कलम नेणार असाल तर रांगेतलं सर्वांत उंच कलम उचलू नका. लहान पिशवीत फार दिवस राहिलेलं उंच कलम हा तोट्याचा सौदा आहे. त्यापेक्षा मध्यम उंचीचं, ताज्या पालवीचं कलम घ्या, आणि नर्सरीवाल्याला विचारा की हे या पिशवीत किती दिवसांपासून आहे.