इसार देण्याआधी विचारा

आपल्या घरात पहिली मोटार येते तेव्हा ती एकट्या कुणाच्या पैशाने येत नाही. वडिलांच्या फंडातले थोडे, भावाने पतपेढीतून काढलेली उचल, घरातल्या बाईने मोडलेली भिशी, असे सगळे मिळून दोन-अडीच लाख उभे राहतात. मुलगा ती गाडी चालवून पोट भरणार असतो, किंवा आईला दवाखान्यात न्यायला आणि वर्षातून एकदा दीक्षाभूमीला जायला घरची गाडी असावी एवढीच हौस असते. परंतु गाडी घेताना सल्ला कुणाचा घेतला असे विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येते. गाडी विकणाऱ्या दलालाचा.

यात त्या मुलाचा दोष नाही. ज्या घरांत तीन पिढ्या मोटारी आहेत तिथे कुणीतरी काका बॉनेट उघडून पाहतो, कुणी मामा आरटीओत ओळखीचा असतो. आपल्याकडे वडिलांनी सायकल वापरली, आजोबा पायी चालले. विचारायचे कुणाला, हा खरा प्रश्न आहे. आणि तो गाडीपुरता नाही. भाड्याच्या घरालाही आहे, लांबच्या प्रवासालाही आहे. आपल्या लोकांचे जे पैसे बुडतात त्यातले बरेचसे इसार म्हणून, टोकन म्हणून, अॅडव्हान्स म्हणून आधी दिलेले असतात. विचारपूस मागाहून होते.

आधी गाडीचे पाहू, कारण त्यात रक्कम मोठी अडकते. जुनी गाडी पाहायला जायचे ते सकाळी, आणि मालकाला बजावून ठेवायचे की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गरम इंजिन आपले दुखणे लपवते, थंड इंजिन लपवू शकत नाही. सुरू करताच मागे एक माणूस उभा राहून धूर पाहू द्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा दाट धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंटचे पाणी आत शिरत असण्याचा संशय घ्यावा. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर दिसत असतील आणि ब्रेकच्या पायट्याचे रबर पार गुळगुळीत झाले असेल, स्टिअरिंगचा खरखरीतपणा गेला असेल, तर मीटर मागे फिरवलेले आहे असे समजायला हरकत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी कितीही ताजी दिसली तरी टायरचे वय तिथे कळते.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे मात्र कठीण. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊनपुसून, अत्तर मारून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. खालचा गालिचा उचलून पाहावा, सीट ज्या लोखंडी पट्ट्यांवर सरकते त्यांना गंज आहे का ते बोट फिरवून पाहावे, डिकीतल्या जादा चाकाखाली वाळलेला गाळ आहे का पाहावे. काचा बंद करून पाच मिनिटे आत बसा. ओलसर वास अत्तराला दाद देत नाही. आणि एवढे सगळे पाहूनही आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा. दलालाने आणलेला मिस्त्री हा दलालाचा मिस्त्री असतो.

याहून मोठी गफलत कागदांत होते. स्टॅम्पपेपरवर करारनामा केला, नोटरीचा शिक्का मारला, चावी हातात आली, की गाडी आपली झाली असा आपल्याकडे पक्का समज आहे. तसे नाही. आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव, तो मालक. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या लागतात. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे, असे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० मध्ये आहे. गाडीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज असेल तर तशी नोंद आरसी बुकात असते. ते कर्ज फिटल्याचे कंपनीचे पत्र आणि तिच्या सहीचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. नाहीतर पैसे आपण भरतो आणि गाडी कंपनीची माणसे ओढून नेतात. परराज्यातली गाडी स्वस्त म्हणून कुणी दाखवली तर तिची एनओसी आणि आपल्या राज्यात पुन्हा भरावा लागणारा कर, हे दोन्ही किमतीत धरूनच हिशेब करावा.

हे गाडी विकणाऱ्यांनीही वाचावे. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले की गाडी हातोहात चार जणांना विकली गेली असली तरी दप्तरी ज्याचे नाव राहिले आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. म्हणजे आपण गाडी विकून मोकळे झालो असे म्हणत घरी बसायचे, आणि एक दिवस न्यायाधिकरणाची नोटीस दारात. विम्याचेही तसेच. अपघातात दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो. परंतु आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. नो क्लेम बोनस तर मागच्या मालकाचा, तो गाडीला चिकटून येत नाही.

आता प्रवासाकडे. अशोक विजयादशमी, सहा डिसेंबर, एक जानेवारी जवळ आली की वस्तीवस्तीत गाड्या ठरतात. कुणाची तरी पांढऱ्या पाटीची खाजगी जीप असते, डिझेल आणि वर थोडे असे ठरते आणि सात जणांच्या जागेत बारा जण बसतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायला परवानगी नाही. वाटेत काही झाले तर विमा कंपनीला भरपाई नाकारायला आयते कारण मिळते. त्याहून वाईट म्हणजे मालाचा टेम्पो किंवा ट्रक. मालवाहू गाडीतून फुकट वा भाडे देऊन जाणाऱ्या प्रवाशांच्या भरपाईचा भार विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्येच दिलेला आहे. निळे झेंडे लावून, गाणी म्हणत निघालेल्या त्या टेम्पोतल्या एकालाही हे माहीत नसते. चाळीस-पंचेचाळीस माणसे असतील तर एसटीच्या आगारात जाऊन प्रासंगिक कराराची चौकशी करावी. अख्खी बस मिळते. एकटेदुकटे जाणाऱ्या ज्येष्ठांनी लक्षात ठेवावे की एसटीत ७५ वर्षांवरील नागरिकांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत झाला, आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली. रेल्वेचे आगाऊ आरक्षणही १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० नव्हे, ६० दिवस आधी सुरू होते. वेटिंगचे तिकीट खिशात असले की आरक्षित डब्यात बसता येते हा समज सोडून द्यावा.

गाडीवर चालक कोण, हे तर विचारलेच पाहिजे. याबाबतीत खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग आपल्यापुढे आहे. १९२९ साली ते सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांच्या आग्रहावरून ते तिथे उतरले. महारवाडा स्टेशनापासून दूर. टांगेवाले अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईनात. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण टांगेवाला नाही. पाहुण्याने पायी चालणे बरे दिसणार नाही म्हणून वाडीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले, घोडा आणि टांगा नदीत पडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये छापलेल्या त्यांच्या आठवणींत हे सगळे आहे. पाहुण्याच्या मानापुढे त्याच्या जिवाची काळजी मागे पडली, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या टांगेवाल्याचा गुन्हा त्यांनी झाकला नाही आणि आपल्या माणसांची चूकही झाकली नाही.

म्हणून विचारावे. चालकाचे लायसन्स कोणत्या गाडीचे आहे? काल रात्री तो झोपला होता का? मुंबईहून नागपूरला रात्रीच निघणार असाल तर दुसरा चालक आहे का? समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता. सरळ रस्त्यावर डोळा लागतो आणि जुना टायर सततच्या वेगाने तापून फुटतो. याच महामार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बसमध्ये बसल्याबरोबर संकटकाळी बाहेर पडायचे दार कुठे आहे आणि त्याच्यासमोर सामान रचलेले नाही ना, एवढे पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. बुद्धगया, कुशीनगर करून लुंबिनीला जाणाऱ्यांनी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवावा. आधार कार्डावर भिस्त ठेवू नये. लुंबिनी नेपाळात आहे. आपली गाडी सोनौलीवरून पलीकडे न्यायची तर नेपाळच्या भन्सार कार्यालयाची पावती लागते आणि तिचे पैसे दिवसाच्या हिशेबाने भरावे लागतात. किती दिवस राहणार ते आधी ठरवून जावे.

घराच्या प्रश्नाला आपल्या बाबतीत आणखी एक काटा आहे. बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी कसे बाहेर काढले ते आपण जाणतो. आज काठी नसते. आज एजंट फोनवर गोड बोलतो, खोली दाखवतो, टोकन घेतो, आणि संध्याकाळी मालकाला आडनाव कळले की ‘त्यांच्या नात्यातले कुणी राहायला येणार आहेत’ असा निरोप येतो. टोकन परत मागायला गेले की एजंट म्हणतो, माझी मेहनत झाली. म्हणून मालकाची भेट होण्याआधी टोकन देऊ नये. द्यायचेच तर पावतीवर ‘मालकाने नकार दिल्यास पूर्ण परत’ हे शब्द लिहून घ्यावेत, आणि रोख न देता खात्यात द्यावे. आपले आडनाव आपण पहिल्याच वाक्यात सांगावे हे मला बरे वाटते. नकार द्यायचा असेल तर त्याने आपला वेळ तरी वाचतो.

खोली मिळाली की अकरा महिन्यांचा करारनामा नोंदवून घ्यावा. मालक म्हणतो, नोंदणीला कशाला खर्च, आपला विश्वास आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चे कलम ५५ सांगते की करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती पाळली नाही तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरे धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. डिपॉझिट अडवून धरणाऱ्या मालकाशी बोलताना हे कलम ठाऊक असलेले बरे. खोलीत शिरण्याच्या दिवशीच भिंतींची ओल, फुटलेली फरशी, नळ यांचे फोटो काढून मालकाला पाठवून द्यावेत. सोडताना रंगाचे पैसे कापतात, ते याच कारणाने कापता येतात.

विचारायचे कुणाला, याचे उत्तर बहुधा आपल्याच वस्तीत असते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मेकॅनिक, रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर तीस वर्षे बसलेली ताई, विमा कंपनीतला कारकून, कोर्टात वकिली करणारा पोरगा. हे सगळे रविवारी वंदनेला एकाच विहारात येतात आणि वंदना झाली की आपापल्या घरी जातात. विहाराच्या फळ्यावर कार्यक्रमाच्या सूचनांबरोबर एक यादी लावता येईल. गाडीचे अमुक दादांना, रेल्वेचे अमुक ताईंना, भाडेकराराचे अमुक वकिलांना, महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास. नावे लिहिण्याआधी त्यांची संमती घ्यावी, आणि त्यातल्या कुणाचा गाडी-घराच्या व्यवहारात कमिशनचा धंदा असेल तर त्याचे नाव यादीत घालू नये. प्रश्न घेऊन येणाऱ्याने आरसी बुकाची, विम्याची किंवा करारनाम्याची झेरॉक्स सोबत आणावी, आणि इसाराचे पैसे तोवर घरीच ठेवावेत.