त्सुकुबाचे स्फटिक आणि आमची दप्तरे

द्विमितीय पदार्थांचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास सांगावयाचा म्हटले की लेखणी आपोआप मँचेस्टरकडे वळते. गाइम आणि नोव्होसेलोव्ह, त्यांची ती चिकटपट्टी, २००४चा प्रबंध आणि २०१०चे नोबेल पारितोषिक हे सारे वाचकांस इतके मुखोद्गत आहे की त्याची उजळणी करण्याचा मला कंटाळा आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ड्रेक्सेल विद्यापीठात २०११ साली निघालेली मॅक्सीन नावाची कार्बाइडे, तांब्याच्या पत्र्यावर वायूतून वाढविलेले ग्राफीन, यांचीही दखल घेतली असे समजून पुढे चलावे. मला बोलावयाचे आहे ते जपानातील त्सुकुबा येथील राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेतल्या ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे या दोघांविषयी. कारण ग्राफीनचा पुढील लौकिक ज्याच्या आधारावर उभा राहिला, तो षट्कोनी बोरॉन नायट्राइडचा स्फटिक त्यांनी घडविला, आणि आढावा लिहिणाऱ्यांनी मात्र त्यांना तळटीपेत बसविण्याचा शिरस्ता पाडला आहे.

मूळ मामला हिऱ्यांचा. त्सुकुबाला १९८०च्या दशकात कृत्रिम हिऱ्यांसाठी अजस्र दाबयंत्र उभारलेले होते, आणि कठिणपणात हिऱ्याच्या खालोखाल असणाऱ्या घनाकृती बोरॉन नायट्राइडचे निर्मळ स्फटिक मिळवावेत ही तानिगुचींची आकांक्षा होती. मॉलिब्डेनमच्या डबीत भुकटी आणि बेरियमयुक्त द्रावक भरावयाचा, ऑक्सिजनचा लवलेशही आत शिरू द्यावयाचा नाही, वातावरणीय दाबाच्या सुमारे ४०,००० पट दाब आणि १,५०० अंशांवरचे तापमान तासन्‌तास राखावयाचे, आणि शेवटी डबी अम्लराजात विरघळवून आत काय उरले ते पाहावयाचे, असा हा उद्योग. पाकातून खडीसाखर जमावी तसाच, पण द्रावकात किंचित अशुद्धी राहिली तर सारे मुसळ केरात. या खटाटोपात घनाकृतीच्या सोबतीने षट्कोनी जातीचे रंगहीन, पारदर्शक कणही पदरी पडले. वातानाबेंनी त्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला, तेव्हा २१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रखर जंबुपार प्रकाश बाहेर पडला. हा शोधही २००४चाच, मँचेस्टरच्या प्रबंधाच्या काही महिने आधीचा; परंतु त्याची दवंडी कोणी पिटली नाही.

इकडे ग्राफीनची मोठी पंचाईत झाली होती. सिलिकॉन डायऑक्साइडच्या खडबडीत पृष्ठावर ठेवलेला तो एकेरी थर स्वतःही सुरकुतत असे आणि खाली अडकलेल्या विद्युत्भारांमुळे इलेक्ट्रॉनांची वाट पदोपदी अडत असे. बोरॉन नायट्राइडची जाळी ग्राफीनसारखीच षट्कोनी, मापात दोन टक्क्यांहूनही कमी फरक, पृष्ठ सपाट आणि पदार्थ विद्युत्‌रोधक. कोलंबिया विद्यापीठातील मंडळींनी त्सुकुबाचे स्फटिक मागवून त्यांवर ग्राफीन पसरले आणि २०१० साली इलेक्ट्रॉनांची गतिक्षमता जवळजवळ दसपट वाढल्याचे जाहीर केले. पुढे २०१८ साली एमआयटीत पाब्लो हारियो-एर्रेरो यांच्या गटाने ग्राफीनचे दोन थर १.१ अंशांनी वळवून अतिवाहकता दाखविली, तेव्हा ते थरही याच स्फटिकाच्या पात्यांत गुंडाळलेले होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंदार देशमुख यांच्या गटाने वळविलेल्या ग्राफीनवर जे काम केले, त्याच्या लेखकांतही ही दोन जपानी नावे आहेत.

या नावांवरच काही विद्वानांचा रोष आहे. नमुना पुरविला एवढ्यावर लेखकत्वाची सनद कशी द्यावयाची, असा त्यांचा सवाल. मापन तेवढे विज्ञान आणि भट्टी म्हणजे मजुरी, ही समजूत मला आमच्या उमेदीपासून परिचित आहे. ती त्या काळी चूक होती आणि आजही चूक आहे. स्फटिकाच्या गाभ्यात कार्बन साचतो की नाही, कोणता तुकडा पाठवावा आणि कोणता बाजूला ठेवावा, हे प्रकाशदीप्तीवरून जाणणारा मनुष्य हमाल नव्हे. आपल्या तक्त्यातील एखादा विचित्र उंचवटा निसर्गाचा की अशुद्धीचा, हे ज्यांना दुसऱ्यास विचारावे लागते, त्यांनी तरी हा तोरा मिरवू नये.

आमच्या भट्टीखोलीत एक वृद्ध मिस्त्री होते. तापमापकाचा काटा हलण्यापूर्वीच ते रोहित्राच्या गुणगुणण्यावरून विजेचा दाब घसरल्याचे ओळखीत आणि जागेवरून उठत. ते निवृत्त झाल्यावर कार्यालयाने ते पदच खालसा केले. आज विद्यार्थी परदेशी सूचिपत्रातून स्फटिक मागवितात, खरेदीचे दप्तर सही-शिक्क्यांत महिनोन्‌महिने अडकते, आणि आलेला तुकडा कसा वाढला हे विचारण्याची कोणास गरज वाटत नाही.

वास्तविक अजस्र दाबयंत्रावाचून सारे अडते असेही नाही. वितळलेल्या निकेलयुक्त द्रावकातून साध्या वातावरणीय दाबाखालीही हे स्फटिक काढता येतात, असे त्सुकुबाच्याच मंडळींनी २००७ साली दाखविले, आणि कॅन्सस राज्य विद्यापीठात जेम्स एडगर यांनी धातुद्रावकाची ती वाट चिकाटीने पुढे नेली. त्यासाठी लागणारी भट्टी माझ्या पाहण्यातल्या एका प्रयोगशाळेत आच्छादनाखाली पडून आहे. ती चालू करावी असा प्रस्ताव मी तेथील प्रमुखांकडे दिला होता. ‘बाजारात उपलब्ध असलेली वस्तू तयार करण्याचे प्रयोजन काय’ असा शेरा मारून तो परत आला.