नाण्याला काय लागतं?

दहा-बारा वर्षं न उघडलेला नाण्यांचा अल्बम उघडला की पहिली खूण हाताला कळते. पान शेजारच्या पानाला चिकटलेलं असतं आणि सोडवताना चर्र आवाज करतं. कप्प्यातला राणीछाप रुपया बाहेर काढायला जावं तर तो सहज सरकत नाही, प्लास्टिकला धरून बसतो. भिंगाखाली पाहिलं तर राणीच्या केसांच्या वळणांत, अक्षरांच्या बेचक्यांत आणि कडेच्या दात्यांशी हिरवट, तेलकट लेप दिसतो. दमट हवेनं गंज चढला, असं म्हणून घरातले गप्प बसतात. पण राणीछाप रुपयात शंभरातले जवळपास ९२ भाग चांदी असते आणि चांदीला हिरवा गंज चढत नाही. हिरवं होतं ते उरलेलं आठ भाग तांबं. त्या तांब्याला गाठणारा पदार्थ बाहेरून आलेला नसतो, तो खुद्द अल्बमच्या पानातून आलेला असतो.

हे पान पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी मुळात कडक, पाण्याचे पाइप त्याचेच होतात. अल्बमचं पान मऊ आणि लवचिक व्हावं म्हणून त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळतात. ती प्लास्टिकशी पक्की जोडलेली नसतात, त्यामुळे उन्हाळ्यागणिक झिरपत पृष्ठभागावर येतात. शिवाय पीव्हीसी जुनं होत जातं तसा त्यातला क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपानं सुटू लागतो. आम्ल, ओल आणि तांबं एकत्र आलं की तो हिरवा लेप तयार होतो. सुरुवातीला तो नुसता चिकटपणा असतो आणि काढता येतो. दुर्लक्ष झालं तर आम्ल धातू खातं, बारीक खड्डे पडतात आणि ते कधीच भरून येत नाहीत. म्हणजे जी वस्तू नाणी सांभाळायला आणली, तिनंच ती खाल्ली. म्हणून मला ठामपणे वाटतं की संग्रहाची निगा हा मुख्यतः स्पर्शाचा प्रश्न आहे. नाण्याला काय लागू द्यायचं आणि काय नाही, हे आधी ठरवावं आणि अल्बम त्यानंतर निवडावा. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं. सोनेरी अक्षरांचं जाड कव्हर आणि किती कप्पे आहेत, हे पाहून अल्बम येतो. त्याचं पान कशाचं आहे, हे विचारायचं राहून जातं.

ते विचारणं सोपं आहे. नाण्यांना चालणारी प्लास्टिकं मुख्यतः तीन: पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन. पॉलिएस्टरचं पातळ पारदर्शक कवच मायलर या नावानं ओळखलं जातं. ते करकरीत असतं, त्याला वास नसतो. पीव्हीसीचं पान मऊ, जड, हाताला किंचित ओशट लागतं आणि नव्या रेनकोटसारखा वास मारतं. एवढ्यावर खात्री पटली नाही तर एक जुनी चाचणी आहे. तांब्याच्या तारेचं टोक पकडीत धरून ज्योतीवर लाल तापवायचं, त्यावर पानाचा नखाएवढा तुकडा टेकवायचा आणि तार पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते पान बाद. धूर विषारी असतो, म्हणून हे उघड्या गच्चीवर, अगदी लहान तुकड्यावर आणि मुलांना लांब ठेवून करावं. पाकिटावर नुसतं ‘उत्तम दर्जाचं प्लास्टिक’ लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. प्लास्टिकचं नाव लिहिलेलं नसेल तर घेऊ नये, हा नियम मी पाळण्यासारखा मानतो.

घरच्या संग्रहाला सर्वांत सोयीची व्यवस्था म्हणजे दोन इंची चौकोनी पुठ्ठ्याचे होल्डर. पुठ्ठ्याला गोल खिडकी असते, खिडकीला आतून मायलर असतं, नाणं मधे ठेवून पुठ्ठा दुमडायचा आणि तीन बाजूंनी पिना मारायच्या. असे वीस होल्डर बसणारी पानं मिळतात आणि ती रिंगच्या फायलीत जातात. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे खिडकीचं माप. चांदीचा रुपया साडेतीस मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याला खिडकी लहान पडली तर कडा पुठ्ठ्याखाली दबते, फार मोठी झाली तर नाणं आत खुळखुळतं आणि स्वतःच्याच उठावावर घासून घेतं. दुसरी चूक पिनांची. वर आलेलं टोक पान मिटताना समोरच्या नाण्यावर ओरखडा काढतं, म्हणून प्रत्येक पिन पकडीनं दाबून सपाट करावी. किनारपट्टीच्या हवेत या पिना गंजतात, तेव्हा दर पावसाळ्यानंतर त्या पाहाव्यात आणि लाल पडलेली पिन बदलावी. होल्डर उघडताना आधी पिना काढाव्यात. पुठ्ठा ओढून फाडला तर पिनेचं टोक नाण्यावरून जातं. जाड, महागाच्या किंवा न वापरलेल्या नाण्यांसाठी कडक प्लास्टिकची गोल कॅप्सूल चांगली. तिच्यात नाणं फक्त कडेनं धरलेलं असतं, चेहऱ्याला काहीच लागत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. शिवराई तीनशे वर्षं मातीत राहिली, बाजारांतून, कनवटीतून फिरली आणि तरी शाबूत आहे. मग प्लास्टिकच्या पानाची एवढी धास्ती कशाला? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण त्यात दोन गोष्टी सुटतात. जी शाबूत राहिली तीच आपल्याला दिसते, मातीनं खाल्लेल्या शिवराई नाण्यांची मोजदाद कुणी केलेली नाही. आणि मातीत नाणं शांत झालेलं असतं. त्याभोवती एक थर बसतो, आतबाहेरची देवाणघेवाण मंदावते. ते बाहेर निघून आपल्या दमट खोलीत येतं तेव्हा हा तोल मोडतो. तांब्याच्या पोटात मातीतलं मीठ शिरलेलं असेल तर ओल आणि हवा मिळताच ते जागं होतं. फिकट हिरव्या, भुकटीसारख्या पुटकुळ्या येतात आणि त्या नखानं निघतात. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. यात तयार होणारं आम्ल पुन्हा तांब्यावर काम करतं, म्हणून तो आपणहून थांबत नाही. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं आधीच झिजलेली असतात. एका पावसाळ्यात त्यातला एखादा काना जाऊ शकतो. गडद, गुळगुळीत, घट्ट हिरवा किंवा तपकिरी थर मात्र वेगळा. तो नाण्याचं कवच आहे, त्याला हात लावू नये. भुकटीचं नाणं दिसलं की ते इतरांपासून वेगळं, कोरड्या हवाबंद डब्यात ठेवावं आणि जाणकार संवर्धकाला दाखवावं.

म्हणूनच अल्बमइतकीच महत्त्वाची आहे अल्बमभोवतीची हवा. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. तांब्याच्या आजारी नाण्याला चाळीसच्या खालची हवा लागते. खोली एवढी कोरडी करणं घरात शक्य नाही, डबा मात्र शक्य आहे. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा आणि त्यात रंग बदलणारी सिलिका जेल एवढं पुरतं. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी असतील तर हिरवे झाले, की त्यांनी ओल पिऊन पोट भरलं असं समजावं आणि नवे दाणे घालावेत. डबा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये, कारण ओल तिथेच आधी उतरते. स्वयंपाकघर आणि देवघर या दोन्ही जागा टाळाव्यात. तेलाची वाफ, कापूर आणि उदबत्तीचा धूर नाण्यावर बसतो. नव्या प्लायवूडचं कपाटही नको. त्यातला डिंक आणि लाकूड आम्लाची वाफ सोडतं, आणि तिचा सर्वांत मोठा बळी शिसं. सातवाहनांची शिशाची नाणी अशा खणात पांढरी भुकटी होऊन जातात. ती हाताळल्यावर हात धुवावेत, शिसं विषारी आहे. चांदीचा शत्रू गंधक. रबर बँड, लोकरीचं कापड, वर्तमानपत्राचा कागद यांत गंधकाची संयुगं असतात, त्यांनी रुपये काळे पडतात. जुन्या लोखंडी कपाटाचा कोरडा खण यापेक्षा पुष्कळ बरा.

काळं पडलेलं नाणं दिसलं की मराठी घरातला हात चिंचेकडे नाहीतर भांडी घासायच्या पावडरीकडे जातो. तांब्याचा बंब चिंचेनं लखलखतो, मग नाणं का नाही? कारण बंबाच्या पृष्ठभागावर वाचायचं काही नसतं, नाण्याच्या पृष्ठभागावरच सगळं असतं. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं पुन्हा ठोकली होती. असं नाणं तिरप्या उजेडात धरलं की सातकर्णीच्या तीन कमानींच्या डोंगराखालून नहपानाच्या चेहऱ्याची रेघ, त्याच्या नावाचं एखादं अक्षर डोकावतं. एका सत्तेनं दुसरी कशी पुसली याचा हा पुरावा. तो उंचीला केसाएवढाही नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, खरखरीत पावडर यांतलं काहीही त्याला पुसायला पुरेसं आहे. एकच अपवाद करावा: पीव्हीसीचा ताजा, चिकट लेप. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या भांड्यात बुडवून निघतो. ॲसिटोन धातूला लागत नाही, फक्त तेलकट द्रव्य विरघळवतं. नखांचं पॉलिश काढायचं द्रव त्याजागी चालत नाही, त्यात तेलं आणि सुगंध असतात. खिडकी उघडी हवी, गॅस बंद हवा, आणि घासायचं नाही.

खर्चाचं काय, असं विचारलं जातं. शंभर साधी नाणी असतील आणि प्रत्येकाला कॅप्सूल घ्यायची झाली तर नाण्यापेक्षा डबी महाग पडते, हे खरं आहे. पण सगळ्यांना सारखी वागणूक द्यायची गरजच नाही. १९६४ ची ॲल्युमिनियमची तीन पैशांची षटकोनी नाणी आम्लविरहित कागदाच्या साध्या पाकिटांत उत्तम राहतात. मायलरचे होल्डर मधल्या वर्गासाठी, कॅप्सूल मोजक्यांसाठी. दुसरी तक्रार जास्त मनापासून येते: एवढं झाकून ठेवलं तर छंदातला आनंद कुठे उरला? नाणं हातात घेण्याचं सुख मलाही मान्य आहे. फक्त ते कडेनं धरावं, अंगठा आणि तर्जनीत, हात धुऊन कोरडे करून, आणि टेबलावर मऊ टॉवेल अंथरून. चेहऱ्यावर बोट टेकलं की घामातलं मीठ तिथं राहतं. त्या दिवशी काहीच दिसत नाही, काही महिन्यांनी बोटाचा ठसा तपकिरी होऊन उमटतो.

चोरीची भीती असणारे बँकेच्या लॉकरकडे वळतात. मोलाच्या नाण्यांसाठी ते योग्यही आहे, पण रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच आहे, आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीत ती नाही. तेव्हा विमा वेगळा विचारावा आणि सिलिका जेल लॉकरमध्येही ठेवावी. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, आणि ते कुठून, केव्हा, कितीला आलं याची वही घरी ठेवावी. होल्डरवर लिहायचं ते नाणं आत घालण्यापूर्वीच लिहावं. ही वही कायद्याच्या दृष्टीनंही उपयोगी आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. परदेशातल्या मुलाकडे नेताना ते बॅगेत टाकून चालत नाही.

उरला प्रश्न लक्ष्मीपूजनाचा. वर्षातून एकदा जुने रुपये पाटावर येतात, पंचामृतानं न्हातात, हळदीकुंकवानं माखतात आणि घाईनं पुसून पुन्हा डब्यात जातात. दह्यातलं आम्ल, मधाचा चिकटपणा, अक्षरांत बसलेलं कुंकू आणि राहिलेली ओल हे सगळं त्यांच्यासोबत वर्षभर बंद राहतं. पूजा सोडावी असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. आज चलनात असलेले चार रुपये किंवा सराफाकडचं लक्ष्मीचं चांदीचं नाणं पूजेसाठी वेगळं ठेवावं, अभिषेक त्यांवर करावा. आजोबांच्या हातचा रुपया पाटावर असावाच असं वाटत असेल तर तो कॅप्सूलसह ताम्हनात मांडावा आणि हळदीकुंकू कॅप्सूलवर वाहावं. भाऊबीज झाली की ते ओल्या फडक्यानं पुसता येतं.